काकू, बॉल द्या ना

माझी मुलगी माझ्याशी मराठीत बोलली, की समजावं, माझं काहीतरी चुकलेलं आहे.

एरवी ईरा इंग्रजीत बोलते. म्हणजे आम्ही मराठीत विचारतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते. दोह्यात वाढलेल्या आमच्याकडच्या बहुतेक मुलांचं हेच आहे. मराठी तिला सगळं कळतं. शेजारच्या खोलीत तिच्याबद्दल दबक्या आवाजात बोललेलं तर फारच स्पष्ट कळतं. पण स्वतःहून मराठी तोंडातून निघते ती दोनच कारणांनी. ताप चढला की, नाहीतर माझी लाज वाटली की. ताप तिला क्वचित येतो.

बारावं लागल्यापासून दुसरं कारण वरचेवर घडायला लागलं. तिला शाळेच्या गेटपाशी सोडायचं नाही, अलीकडच्या फार्मसीजवळ सोडायचं. मैत्रिणींसमोर 'पिल्लू' म्हणायचं नाही. लिफ्टमध्ये अनोळखी माणसाला 'कुठले तुम्ही?' विचारायचं नाही. सुपरमार्केटमध्ये कलिंगडावर टिचक्या मारून कान लावायचा नाही. मी हे सगळं पाळत होतो. (कलिंगड सोडून. तिथे तत्त्वाचा प्रश्न आहे.)

म्हणून, एका संध्याकाळी तिने आपण होऊन "कॅन वुई ऑल गो?" असं विचारलं, तेव्हा मला भरून आलं. जायचं होतं बेसबॉलच्या मॅचला. बाहेरच्या देशांतल्या दोन व्यावसायिक टीम्स दोह्यात येऊन प्रदर्शनी सामना खेळणार होत्या. त्यासाठी इंडस्ट्रियल एरियाच्या कडेचं एक क्रिकेट ग्राउंड बेसबॉलचं करून घेतलं होतं. ईरा शाळेत सॉफ्टबॉल खेळते. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीण. येणाऱ्या टीम्सपैकी निळ्या टीममधला बावीस नंबरचा खेळाडू हे तिचं दैवत. त्याचं पोस्टर तिच्या कपाटावर आहे, आणि त्या कपाटातले तिचे मोजे शोधायलासुद्धा आम्हाला परवानगी घ्यावी लागते.

तिची खरी इच्छा काय होती, ते तिने मला सांगितलंच नाही. आईला सांगितलं. वैशालीने ती मला रात्री भांडी पुसता पुसता सांगितली. ईराला आपला ग्लोव्ह घेऊन जायचं होतं, आणि मॅचमधला एक बॉल, एकच, तिच्याकडे यायला हवा होता.

"येईल की," मी म्हटलं.

"येईल नाही येईल, ते तिचं ती बघेल," वैशाली म्हणाली. "तिने आपल्याला बोलावलंय, मिलिंद. खूप दिवसांनी बोलावलंय. आपण जायचं, बसायचं, यायचं. तू काही करू नकोस."

"मी काय करणार?"

"तेच म्हणतेय मी. काही करू नकोस."

आता, मला क्रिकेटमधलं कळतं. खेळता येतं असं मी म्हणत नाही, कळतं. आमची ऑफिसची टीम आहे, दर शुक्रवारी सकाळी इंडस्ट्रियल एरियाच्या मागच्या रेताड मैदानावर खेळते, आणि मी तिच्यात बाउंड्रीवर उभा असतो. माझ्याकडे कॅच आला की समोरचा बॅट्समन पुन्हा गार्ड घ्यायला लागतो, इतका आमच्या मैदानावर माझा लौकिक आहे. पण बेसबॉल म्हणजे शेवटी आपलं क्रिकेटच, फक्त अमेरिकन लोकांना धीर नाही, हे माझं मत मी आठवडाभर अण्णांना समजावून सांगत होतो. अण्णा म्हणजे माझे सासरे. परभणीच्या शाळेत जन्मभर पीटीचे मास्तर होते आणि हिवाळ्यापुरते व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे दोह्यातल्या अल नस्रला आले होते. अण्णांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच म्हणाले, "जावईबापू, पण तुम्ही कधी बघितलाय का त्यो खेळ?" मी म्हटलं, बघायची गरज नाही, तत्त्व एकच आहे.

मॅचच्या दिवशी गेटमधून आत शिरताना एक मुलगी लाल टोप्या वाटत होती. फुकट वाटत होती. फुकटची टोपी नको म्हणणारा माणूस आमच्या घराण्यात अजून जन्मलेला नाही. मी घातली. निळा टी-शर्ट घातलेली ईरा जागच्या जागी थांबली.

"बाबा, दॅट्स द अदर टीम."

"उन्हासाठी आहे गं," मी म्हटलं. सूर्य केव्हाच मावळला होता.

आमच्या जागा मैदानाच्या लांबच्या टोकाला, भिंतीमागच्या स्टँडमध्ये होत्या. तिथे सगळीकडे लालच लाल. लाल टीमच्या नावात या सामन्यापुरतं दोह्याचं नाव घातलेलं असल्यामुळे सगळं गाव त्यांच्या बाजूचं होतं. पुढच्याच रांगेत ईराची सॉफ्टबॉलची कोच, मिस डॅना, आणि तिच्या टीमच्या मुली बसल्या होत्या. म्हणजे माझी परीक्षा बघायला मंडळच बसलेलं होतं. ईरा माझ्या शेजारी बसली, डाव्या हातात ग्लोव्ह चढवला, आणि मॅच संपेपर्यंत तो काढला नाही. पलीकडे अण्णा, त्यांच्या पलीकडे वैशाली. अण्णांच्या मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीत चिवडा.

मी नाचोज आणायला गेलो. रांग मोठी होती. तेवढ्या वेळात अण्णांनी ईराला विचारलं होतं, की बॉल हिकडं आला तर काय करायचं असतं? आणि ईराने त्यांना ते सविस्तर, हातवारे करून समजावलं होतं. हे मला नंतर कळलं. घरातल्या चौघांपैकी ज्याने आठवडाभर बेसबॉलवर व्याख्यान दिलं, तेवढाच ते ऐकायला जागेवर नव्हता.

परत आलो तेव्हा बावीस नंबर बॅटिंगला आला होता. बॉल त्याच्या जवळून सुटला आणि अंपायर ओरडला, "स्ट्राइक!" स्ट्राइक म्हणजे फटका, चांगलीच गोष्ट, असं कोणीही समजेल. मी नाचोज खाली ठेवून जोरात टाळ्या वाजवल्या. शेजारच्या लाल टोपीवाल्यांनी माझ्याकडे प्रेमाने पाहिलं. दुसऱ्यांदा "स्ट्राइक" झाल्यावर मी "वा, बावीस नंबर!" असंही म्हणालो.

"बाबा," ईरा दातांमधून म्हणाली, "दॅट्स बॅड फॉर हिम."

मग मी अंपायर काय म्हणतो यावर टाळ्या वाजवणं सोडून दिलं आणि डोळ्यांवर भरवसा ठेवला. बावीस नंबरने एक बॉल उंच टोलवला. मी उभा राहून दोन्ही हात वर केले, सिक्सर दिला. तो फटका फाउल होता, बॉल भलत्याच दिशेला गेला होता, आणि मी त्या अख्ख्या स्टँडमध्ये एकटा हात वर करून उभा होतो. मिस डॅना मागे वळून हसली. फार सभ्य हसली. ईराने ग्लोव्ह तोंडावर धरला.

वैशालीने अण्णांच्या पलीकडून माझ्याकडे बघितलं. काही करू नकोस, हे ती नुसत्या भुवयांनी म्हणू शकते. मी ठरवलं, आता खरंच काही करायचं नाही. बराच वेळ मी तसा बसलोही. खेळ चालू होता, माझे नाचोज थंड होत होते, आणि ईरा प्रत्येक फटक्याला सीटवरून अर्धी उठत होती. तिच्याकडे बघून मला फार बरं वाटत होतं, हे मान्य केलं पाहिजे. लहानपणी मी असाच अर्धा उठून बसायचो.

मग एकाएकी सगळं स्टेडियम उभं राहिलं.

लाल, निळे, पुढचे, मागचे, सगळे. स्पीकरवर गाणं लागलं. परदेशात राहून माणसाला एक गोष्ट नक्की शिकायला मिळते, ती म्हणजे पार्किंगमधून सगळ्यांच्या आधी निघायचं. कार्यक्रमाचे आभार सुरू झाले, की आमच्या मराठी मंडळाच्या अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होतात. मी ताबडतोब अण्णांचा दंड धरला, वैशालीला "चल, चल, गर्दीच्या आधी" म्हटलं, ईराला खुणावलं, आणि रांगेतल्या सगळ्यांच्या पायांवरून "एक्सक्यूज मी, एक्सक्यूज मी, यल्ला, चला" करत जिन्यापर्यंत पोचलोसुद्धा. जिन्यात अण्णा थांबले. मागे वळून त्यांनी मैदानाकडे नीट बघितलं. इतकी वर्षं शाळेत कवायत घेतलेला माणूस.

"जावईबापू," ते म्हणाले, "संपलं नाय ते. लोकं नुसते आळस द्यायलेत."

खरंच, लोक आळस देत होते. या खेळात तशी पद्धतच आहे म्हणे, शेवटाकडे आलं की सगळ्यांनी उभं राहायचं, हातपाय ताणायचे, गाणं म्हणायचं आणि खाली बसायचं. आम्ही परत निघालो तेव्हा सगळे नुकतेच खाली बसले होते. त्याच पायांवरून, त्याच "एक्सक्यूज मी"ने, फक्त उलट दिशेने गेलो. ईरा जागेवरून हललीच नव्हती. ती समोर बघत होती आणि तिचा एक कान लालभडक झाला होता. माझ्या टोपीइतका.

आणि त्यानंतर थोड्याच वेळात ते घडलं.

बावीस नंबर पुन्हा बॅटिंगला आला. ईरा उभी राहिली. पहिल्याच बॉलला त्याने असा काही तडाखा दिला, की आवाजावरूनच कळलं, हा सिक्सर आहे. (त्याला होमरन म्हणतात, हे मला आता कळलं आहे. बऱ्याच लोकांनी सांगितलं आहे.) बॉल दिव्यांच्या उजेडात वर गेला, मोठा होत होत आमच्याच दिशेने यायला लागला. ईराने ग्लोव्ह वर केला. बॉल तिच्या डोक्यावरून जरा उजवीकडे चालला होता. उजवीकडे मी होतो.

मी हात वर केले आणि बॉल माझ्या दोन्ही तळव्यांमध्ये येऊन बसला.

बसला! राहिला! हाताला आग लागली, डोळ्यांत पाणी आलं, पण बॉल राहिला. मी आयुष्यात घेतलेला हा पहिला स्वच्छ कॅच. माझ्या टीममधलं एकही माणूस तिथे बघायला नव्हतं.

आता बॉल माझ्या हातात आहे तोवर मला जरा नाशिकला जाऊन येऊ द्या. तिथल्या आमच्या कॉलनीत, कोपऱ्यावरच्या बंगल्यात भावे काकू राहायच्या. आमचा बॉल त्यांच्या कंपाउंडमध्ये गेला, की परत यायचा नाही. आम्ही सगळे गेटला लटकून ओरडायचो, "काकू, बॉल द्या ना!" काकू जास्वंदीला पाणी घालत राहायच्या. आम्ही पुन्हा, "काकू, द्या ना बॉल, शेवटचा!" काकू आत जाऊन दार लावून घ्यायच्या. त्यांच्याकडे आमच्या बॉलची टोपली भरली होती अशी वदंता होती. माझ्या मनात तेव्हाच दोन प्रकारची माणसं पक्की झाली, बॉल परत देणारी आणि न देणारी. आपण मोठे झाल्यावर पहिल्या प्रकारात राहायचं, असं मी त्या गेटवर ठरवलं होतं. आणि तो शब्द मी पाळला आहे. अल नस्रच्या आमच्या बिल्डिंगखाली पोरं खेळतात, बॉल आमच्या बाल्कनीत येतो, आणि मी अंगाला साबण असतानासुद्धा टॉवेल गुंडाळून बॉल परत दिलेला आहे.

तर, बॉल माझ्या हातात. खाली भिंतीला चिकटून लाल टीमचा एक फील्डर उभा. बॉल अडवायला तो धावत आला होता, उडी मारली होती, पोचला नव्हता. ग्लोव्ह वर केलेला तसाच, तोंड वर, माझ्याकडे बघतोय. मला दुसरं काही दिसलंच नाही. मला गेटवरचा पोरगा दिसला. आणि त्याच वेळी माझ्या आजूबाजूची सगळी लाल टोपीवाली मंडळी एका सुरात ओरडायला लागली, "थ्रो इट बॅक! थ्रो इट बॅक!"

देतोय की, मी मनात म्हटलं. ओरडायला कशाला हवं.

डाव्या बाजूने ईरा "नो, नो, बाबा, नो" म्हणत होती, तेही मला ऐकू आलं. मला वाटलं, जोरात फेकू नकोस, कोणाला लागेल, असं ती म्हणतेय. म्हणून मी अलगद, बेताने, हात खांद्यावरून पूर्ण फिरवून फेकला. बॉल भिंतीवरून खाली गेला आणि फील्डरच्या ग्लोव्हमध्ये पडला, त्याला हातसुद्धा हलवावा लागला नाही. इतका सुंदर थ्रो मी त्याआधी केला नव्हता आणि नंतरही केलेला नाही.

स्टँडमध्ये एकच जल्लोष झाला. लोक नाचायला लागले. कोणीतरी माझ्या पाठीत थापा मारल्या, एका फिलिपिनो गृहस्थांनी मला मिठी मारली. समोरच्या मोठ्या स्क्रीनवर लाल टोपी घातलेला एक माणूस दिसला, आणि तो मी होतो. ऑफिसच्या मॅचमध्ये मला आजवर फक्त शिव्या मिळालेल्या. एवढ्या टाळ्या या माणसाने स्वतःसाठी कधी ऐकलेल्या नव्हत्या. मी टोपी काढली. वाकून नमस्कार केला. मग डावीकडे केला, उजवीकडे केला, मागे वळून मागच्यांनाही केला. स्क्रीनवर मी प्रत्येक दिशेने हात जोडत होतो आणि लोक प्रत्येक नमस्काराला ओरडत होते. गणपतीच्या स्टेजवर सत्कार झाला असता तरी मी इतका वाकलो नसतो.

शेवटचा नमस्कार मी माझ्या कुटुंबाला करायला वळलो. वैशालीने डोळे मिटून घेतले होते. अण्णा पिशवीत चिवडा शोधत होते, चिवडा त्यांच्या हातात असताना. आणि ईरा माझ्याकडे बघत होती. ग्लोव्ह अजून तसाच, वर उघडा धरलेला.

मिस डॅनाने मला समजावलं. तिचा आवाज फार मऊ होता, म्हणून जास्त लागलं. बेसबॉलमध्ये बॉल लोकांत आला, की ज्याच्या हाती लागला त्याचा. तो घरी न्यायचा असतो. लोक आयुष्यभर ग्लोव्ह घेऊन येतात आणि एकही मिळत नाही. मी म्हटलं, अच्छा. ती म्हणाली, आणि विरोधी टीमच्या खेळाडूने होमरन मारला आणि कोणी तो बॉल परत फेकला, तर त्याचा अर्थ असा, की तुझा होमरन आम्हाला घरात ठेवायच्या लायकीचा वाटत नाही. तो अपमान असतो. लाल टोपी घालून केला तर फारच मोठा.

म्हणजे मी माझ्या मुलीचा बॉल फेकून दिला होता, आणि तो तिच्या दैवताच्या तोंडावर मारला होता, आणि मग त्याबद्दल चारी दिशांना नमस्कार करून शाबासकी घेतली होती. स्क्रीनवर तोवर ते दुसऱ्यांदा दाखवत होते, सावकाश गतीने.

यानंतर शहाण्या माणसाने गप्प बसायचं असतं. मी उठलो, पायऱ्या उतरून भिंतीपर्यंत गेलो, आणि भिंतीवर पोट टेकवून त्या फील्डरला हाका मारायला लागलो. "एक्सक्यूज मी! सर! बॉल, प्लीज!" त्याने वळून बघितलं, मला ओळखलं आणि अंगठा वर करून दाखवला. मी हात पसरला. "सर, प्लीज, वन टाइम! माय डॉटर!" त्याने पलीकडच्या स्टँडकडे बोट दाखवलं. बॉल त्याने केव्हाच तिकडच्या कोणाला तरी देऊन टाकला होता. तरी मी हाका मारत राहिलो. नाशिकच्या गेटवर लटकायचो तेव्हा निदान माझं वय तरी त्याला शोभत होतं. शेवटी सिक्युरिटीचा माणूस आला आणि म्हणाला, "सर, खलास. सीट पे बैठिए." मी वर बघितलं. ईराच्या टीमच्या सगळ्या मुली रांगेत उभ्या राहून बघत होत्या. ईरा बसलेली होती.

मॅच निळ्या टीमने जिंकली, असं मला सांगण्यात आलं. मी तळव्यांकडे बघत होतो. ते सुजून पुरीसारखे झाले होते.

मॅचनंतर खेळाडू कुंपणाशी येऊन सह्या देणार होते. बावीस नंबरच्या समोर रांग लागली. मी वाक्य तयार केलं. गेलं की सरळ म्हणायचं, 'सर, सॉरी, आय ॲम फ्रॉम क्रिकेट.' मला ते पुरेसं वाटत होतं. मी ईराच्या मागे रांगेत उभा राहायला निघालो, तेव्हा ती वळली. मैत्रिणी जवळच होत्या. तिने आवाज चढवला नाही.

"बाबा," ती म्हणाली, "तू येऊ नकोस."

स्वच्छ मराठी. एक इंग्रजी शब्द नाही.

मी थांबलो. पाण्याच्या कूलरपाशी उभा राहिलो, टोपी खिशात कोंबली. येणारे-जाणारे लाल टोपीवाले मला ओळखून टाळी मागत होते आणि मी सुजलेला हात पुढे करत होतो. कोणाला नाही कसं म्हणणार. तिच्याबरोबर अण्णा गेले. लांबून मला दिसलं, बावीस नंबर वाकला, त्याने ईराच्या ग्लोव्हवर सही केली. मग अण्णा त्याच्याशी काहीतरी बोलले आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. बावीस नंबरने मान वळवून मला बघितलं. मी काय करू ते मला सुचेना, म्हणून नमस्कार केला. ईराने पाठ फिरवली.

गाडीत मी अण्णांना विचारलं, तुम्ही काय सांगितलं त्याला?

"खरं त्ये सांगितलं," अण्णा म्हणाले. "म्हनलं, ही इज माय जावई. मॅड नाय. क्रिकेट."

मागच्या सीटवर ईरा खिडकीबाहेर बघत होती. हसली असावी अशी मला आशा वाटली, पण आरशात तसं काही दिसलं नाही. घरी गेल्यावर वैशालीने माझ्या तळव्यांना बर्फ लावला. ती रागावेल म्हणून मी तयारीत होतो. तिने फक्त एवढंच विचारलं, की मी तुला काय सांगितलं होतं? मी म्हटलं, काही करू नकोस. ती म्हणाली, आणि तू आयुष्यात पहिल्यांदा कॅच घेतलास. दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझा व्हिडिओ माझ्या आधी पोचला होता. मला त्याची लाज वाटली नाही. जिच्यासमोर वाटायची ती घरात, बंद दाराआड, कपाटावरच्या पोस्टरसमोर बसली होती, आणि मी दारावर टकटक करायला दोनदा जाऊन परत आलो. काय सांगणार होतो? भावे काकूंचं?

शेवटी तेच सांगितलं. दाराबाहेर उभं राहून सांगितलं. गेट, जास्वंद, टोपली, सगळं. मग आतून आवाज आला, "डिड शी एव्हर गिव्ह इट बॅक?" मी म्हटलं, नाही गं, कधीच नाही. दार उघडलं नाही, पण उत्तर इंग्रजीत आलं होतं. मी तेवढ्यावर झोपलो.

त्यानंतरच्या एका शुक्रवारी वैशालीची ड्यूटी होती, म्हणून ईरा आणि अण्णा माझ्याबरोबर मैदानावर आले. अण्णांना आमच्या टीमने तिथल्या तिथे अंपायर केलं. ईरा बाउंड्रीच्या पलीकडे, माझ्या मागेच, फोल्डिंगची खुर्ची टाकून बसली. सही केलेला ग्लोव्ह तिच्या मांडीवर होता. तो ती आता सगळीकडे नेते. आम्हाला मॅच वाचवायची होती, शेवटची ओव्हर चालू होती, आणि बॅट्समनने बॉल माझ्याकडे टोलवला. एक टप्पा पडून तो माझ्या हातात आला. आणि राहिला.

बॉल हातात होता आणि मागे ती होती. मला वाटतं, माझ्या डोक्यात त्यापलीकडे काही उरलंच नाही. सगळं मैदान ओरडायला लागलं. "फेक, मिल्या, फेक!" मराठीत, हिंदीत, मल्याळममध्ये. विकेटकीपर दोन्ही हात हलवत होता. पण या वेळी कोणी कितीही ओरडलं तरी ऐकायचं नाही, एवढं मी शिकलो होतो. मी वळलो, बाउंड्री ओलांडली, चालत ईराच्या खुर्चीपाशी गेलो आणि बॉल तिच्या ग्लोव्हमध्ये ठेवला.

ती बॉलकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग माझ्या पाठीमागे, जिथे दोघे बॅट्समन अजून पळत होते. आणि मग माझी मुलगी माझ्याशी मराठीत बोलली.

"बाबा," ती म्हणाली, "अरे, हा फेकायचा असतो!"